श्वान पथकात नाव दिलंय, मॅलिनॉइस मागू की लॅब्राडोर?

हरमलकिनारा

नमस्कार मंडळी. मी पोलीस शिपाई, नोकरीचं चौथं वर्ष चालू आहे. घर गोव्यात, पेडणे तालुक्यात. श्वान पथकात काम करायची कोणाची इच्छा आहे का अशी विचारणा झाली, तेव्हा मी लगेच नाव दिलं. निवड अजून व्हायची आहे, पण झालीच तर कोऱ्या पाटीने जायला नको म्हणून इथे विचारतोय.

बरोबरचे दोघं-तिघं रोज एकच सांगतात: मिळाला तर मॅलिनॉइस घे, बाकीच्यांचे दिवस गेले. २०११ साली अमेरिकनांनी लादेनच्या घरावर धाड घातली तेव्हा सोबत नेला तो मॅलिनॉइस, आपल्या एनएसजीकडे मॅलिनॉइस, मग लॅब्राडोर घेऊन काय करायचं? आमच्यातलेच एक जुने हवालदार मात्र म्हणतात, "जत्रेच्या गर्दीत लॅब्राडोर घेऊन फिर, मग मला येऊन सांग."

माझ्या वाट्याला कसलं काम येईल तेही सांगतो. विमानतळ, रेल्वे स्थानकं, जत्रा, फेस्त, इफ्फीसारखे महोत्सव, मोठ्या माणसांचे दौरे. किनारपट्टीला अमली पदार्थ. अधूनमधून चोरीचा नाहीतर खुनाचा माग. आणि आपली हवा तुम्हाला ठाऊकच आहे, मे महिन्यात सावलीत बसलेला माणूसही भिजतो.

लहानपणी आमच्या काजूच्या बागायतीत राखणीला एक गावठी कुत्रा होता. मी सोडून कोणाच्या हातचं खायचा नाही. कुत्र्यांचा माझा अनुभव तेवढाच. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, मॅलिनॉइस, लॅब्राडोर, यांच्यात कामाच्या दृष्टीने खरा फरक काय? प्रत्यक्ष काम केलेलं कोणी असेल तर सविस्तर लिहा.

पर्वरी_तिसरा_मजला

मॅलिनॉइसच! मी व्हिडिओ पाहिलेत, उभी भिंत पळत चढतो. मी स्वतः एक पिल्लू बुक करायच्या विचारात आहे. घरी दोन लहान मुलं, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. पोलिसांना चालतो म्हणजे घरालाही चालेल ना?

केरीचं_कुळागर

हरमलकिनारा, प्रश्न काल संध्याकाळी वाचला आणि रात्रभर जुने दिवस डोळ्यांसमोर येत राहिले. सुपारीला पाणी सोडून आता निवांत लिहितोय. लांबेल, वाचून घे.

मी सैन्यात सतरा वर्षं कुत्र्यांबरोबर काढली. शिकलो मेरठला, रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात. तिथे १९६० पासून सैन्याचे कुत्रे तयार होतात. पुढे काश्मीर, मग ईशान्येकडे. दोन कुत्रे माझ्या हाताखाली राहिले, आधी टीना नावाची लॅब्राडोर, नंतर ब्रूनो नावाचा मॅलिनॉइस. दोघांनाही मी जीव लावला, त्यामुळे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला कमी लेखणार नाही.

कुठल्याही जातीकडे बघताना आधी विचारायचं, हिला मुळात कोणी, कशासाठी घडवली? ते मूळचं काम रक्तात राहतं, शिकवणारा फक्त त्याला वळण देतो.

लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे. थंड पाण्यात उडी टाकायची, जाळ्यातून निसटलेला मासा धरून आणायचा. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी ते शिकारीसाठी वाढवले: गोळी लागून पडलेला पक्षी झुडपात शोधायचा आणि दाताची खूणही न उमटवता मालकाच्या हातात द्यायचा. म्हणजे दिवसभर न कंटाळता शोधणं, सापडलेलं न फाडणं आणि माणसाकडे परत येणं. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्यात आणखी काय हवं असतं?

जर्मन शेफर्ड मेंढरांमागचा. माक्स फॉन श्टेफानिट्झ नावाच्या जर्मन घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये एका प्रदर्शनात एक कुत्रा पाहिला, तिथेच विकत घेतला आणि त्याच्यापासून ही जात बांधली. तिकडे शेतांना कुंपणं नसायची. कळपाच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने फिरून कुत्र्यानेच कुंपण व्हायचं, मेंढरू पिकात जाऊ द्यायचं नाही. ती चाल आणि ती जबाबदारी अजून त्याच्यात आहे. माग काढ, पहारा दे, गस्तीला चल, गुन्हेगार धरून ठेव, सगळं तो करतो. एकच कुत्रा ठेवायचा असता तर जुन्या काळी प्रत्येक पथकाने हाच ठेवला असता. घात करतात ती कंबरेची हाडं. प्रदर्शनासाठी पाठ उतरती करत नेलेल्या घराण्यांत तर फारच. कामाच्या घराण्यातला, सरळ पाठीचा शेफर्ड मिळाला तर आजही नाही म्हणू नकोस.

डॉबरमन आपोल्डाचा, जर्मनीतलं गाव. तिथे कर गोळा करणारा लुई डोबरमान नावाचा माणूस होता. गाठीला पैसे असायचे म्हणून त्याला धाक बसवणारा कुत्रा हवा होता, त्याने तो स्वतः तयार केला. हुशार, चपळ, एका माणसाला धरून राहणारा. आपल्याकडच्या जुन्या पोलीस पथकांत खुनाचा माग म्हटला की डॉबरमनच पुढे असायचा. रॉटवायलर गुरं हाकणारा, नर पन्नास किलोपर्यंत भरतो. पहाऱ्याला ठीक, पण मे महिन्यात गोव्यात त्याला तासभर पळवून दाखवावा.

आता मॅलिनॉइस. बेल्जियममधल्या मेखेलेन गावावरून नाव पडलं. तोही मूळचा मेंढरांचाच, शेफर्डचा चुलतभाऊ म्हणू. फरक वजनात आणि पेटण्यात. मोठा नर २५ ते ३० किलो, मादी त्याहून कमी. म्हणजे खांद्यावर घेऊन भिंत ओलांडता येतो, दोराने हेलिकॉप्टरमधून स्वतःला बांधून उतरवता येतो. शेफर्ड नर चाळीस किलोपर्यंत जातो, ते वजन छातीला बांधून उतरून बघ. आणि मॅलिनॉइसला विचार करायला वेळ लागत नाही. हुकूम कानावर पडायच्या आत त्याचे पाय सुटलेले असतात.

ब्रूनो तसाच होता. अंधाऱ्या घरात पाठवला की एक खोली, दुसरी खोली, माळा, पलंगाखाली, आणि परत माझ्या पायाशी. पण संध्याकाळी मला बसू द्यायचा नाही. काम नसलेला दिवस त्याला शिक्षा वाटायची, केनेलचं दार कुरतडायचा. एकदा मी चेंडू चुकीच्या क्षणी उचलला. तो चेंडूवर झेपावला होता, मध्ये माझा हात आला. डाव्या कोपराखाली पाच टाके. चूक सर्वस्वी माझी. टाके घातलेल्या हाताने दुसऱ्या दिवशी त्याला फिरवला, कारण हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, घाबरला हे त्याला पट्ट्यातून कळतं.

आणि टीना. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

काश्मीरमध्ये रोज पहाटे गाड्यांचा ताफा सुटायच्या आधी रस्ता तपासायचा. कुत्रा पुढे, त्याच्यामागे हँडलर, मग बाकीचे. स्फोटकांच्या कुत्र्याला भुंकायला, उकरायला शिकवतच नाहीत. वास मिळाला की जागीच बसायचं, हाच इशारा. ज्या सकाळची गोष्ट सांगतोय, तिच्या आठवडाभर आधी टीना एका ठिकाणी बसली होती, बॉम्बवाल्यांनी सगळं उकरलं, काही निघालं नाही. माझ्या मनात तेच बसलं होतं. त्या सकाळी थंडी मरणाची, मागून ताफ्याची घाई. रस्त्याखालच्या एका मोरीच्या पंधरा फूट अलीकडे ती बसली. मी पट्टा ओढला, म्हटलं चल. ती दोन पावलं आली, वळली आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर मोरीवर. तेव्हा मी हात वर केला आणि सगळे थांबले. मोरीच्या आत, पाण्याच्या वाटेवर, स्फोटकांनी भरलेला लोखंडी डबा होता.

त्या जागी ब्रूनो असता तर? त्यालाही वास आला असता, नाक त्याचंही तेवढंच. पण मी पट्टा ओढल्यावर, 'चल' म्हटल्यावर तो त्या आवेगात पुढे निघाला असता का, हा प्रश्न मी स्वतःला कितीदा तरी विचारला आहे. टीना शांत होती म्हणून हट्ट धरू शकली. मी आज सुपारी मोजतोय तो त्या हट्टामुळे.

कामाप्रमाणे जात कशी वाटली जाते ते बघायचं असेल तर आपल्या सैन्यातले गेलेले कुत्रे आठव. २०१५ मध्ये तंगधारला गेलेली मानसी लॅब्राडोर, घुसखोरांच्या मागावर होती. २०२३ मध्ये राजौरीला गेलेली केंट लॅब्राडोर, तीही तुकडीच्या पुढे माग काढत होती, आपल्या हँडलरच्या आड येऊन त्याला वाचवताना गोळीबारात गेली. २०२२ मध्ये बारामुल्लाला एक्सल आणि अनंतनागला झूम, दोघंही बेल्जियन मॅलिनॉइस, दोघांनाही अतिरेकी लपलेल्या घरात पाठवलं होतं. झूम दोन गोळ्या लागूनही लढला आणि तीन दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात गेला. बाहेरचा माग लॅब्राडोरने काढला, बंद दार मॅलिनॉइसने उघडलं. यात श्रेष्ठ कोण हे ठरवायला माझं मन धजत नाही.

तू लिहिलेल्या यादीत बंद दार किती वेळा येतं? तुझं बरंचसं काम गर्दीतलं. जत्रेत म्हातारी बाई कुत्र्याच्या अंगावर पडते, मूल शेपूट ओढतं, फटाके, ढोल, ताशे. मुंबईचा झंजीर आठव, १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं, सहाशे डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब. लॅब्राडोरच होता. त्यामुळे माझं मत: बॉम्बसाठी लॅब्राडोर. अमली पदार्थांसाठी लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल. कॉकर भरतो जेमतेम तेरा-चौदा किलो, बसच्या सीटखाली, बॅगांच्या ढिगावर, बोटीच्या तळाशी सहज फिरतो आणि लोक त्याला घाबरत नाहीत. सैन्यातली सोफी कॉकरच, तिला आणि विदा नावाच्या लॅब्राडोरला २०२० मध्ये लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं. गुन्ह्याच्या मागासाठी शेफर्ड किंवा लॅब्राडोर. हत्यारबंद माणूस धरायचा असेल तिथेच मॅलिनॉइस, आणि तोही अनुभवी हातात.

पर्वरीच्या भावा, तुम्हाला हात जोडून सांगतो, ते पिल्लू घेऊ नका. रोज दोन-तीन तास त्याला पळवणारा, शोधायला लावणारा, दमवणारा माणूस घरात आहे का? नसेल तर तो पळणारी मुलं मेंढरांसारखी हाकेल, टाचा धरेल, आणि तुम्ही त्याला चावरा ठरवून कुठेतरी सोडून याल. त्यात त्याचा काय दोष?

चोर्लाघाट

कुळागरवाले काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पण परदेशी जातींच्या या यादीत आमचा मुधोळ राहिला.

माझं आजोळ बेळगावच्या पलीकडे, तिकडे धनगरांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. महाराष्ट्रात त्यालाच कारवान म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, पंचम जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे. २०१६ मध्ये सैन्याने मुधोळची पिल्लं मेरठला नेली. आणि २०२४ च्या लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये सीमा सुरक्षा दलाची रिया, मुधोळ मादी, माग काढण्यात पहिली आली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम श्वानही तीच ठरली. समोर सगळे परदेशी जातींचे होते.

खाणं कमी, केस तोकडे, उन्हाची सवय हाडात. मग गोव्याने लॅब्राडोरला एसीत ठेवण्यापेक्षा मुधोळ का आणू नये?

पशुवैद्य_फोंडा

खाजगी दवाखाना चालवते, कामाचे कुत्रेही तपासायला येतात. उष्म्याविषयी थोडं लिहिते, कारण जात निवडताना लोक तेवढंच विसरतात.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचं आणि घशातलं पाणी हवेत उडवून तो अंग थंड करतो. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ते पाणी उडत नाही. म्हणून राजस्थानातल्या ४० अंशांपेक्षा आपले ३४ अंश त्याला जास्त त्रास देऊ शकतात. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या पुढे गेलं की मिनिटं मोजायची, मेंदू, मूत्रपिंडं, आतडी, सगळ्यांना धोका. सावलीत घ्या, पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पाणी ओता, पंखा लावा, आणि ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नको.

हरमलकिनारा, तुमच्यासाठी महत्त्वाचं हे: धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. हुंगताना तो तोंड मिटून नाकाने छोटे, जलद श्वास घेतो, आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर टाकतो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. तापलेला कुत्रा गडबडीने बॅगांवरून फिरला आणि बसला नाही, म्हणून बॅगा स्वच्छ असं समजू नका. कामाच्या पाळ्या छोट्या ठेवा, मध्ये त्याला पूर्ण शांत होऊ द्या.

या कसोटीवर सगळ्यात आधी मागे पडतो रॉटवायलर, मग जाड दुहेरी केसांचा शेफर्ड. लॅब्राडोरचा शत्रू त्याची भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडोरमध्ये भुकेशी जोडलेला एका जनुकाचा दोष सापडला, साधारण चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये तो असतो. गंमत अशी की साहाय्यक श्वान म्हणून निवडलेल्या लॅब्राडोरमध्ये त्याचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा लवकर शिकतो. पण तोच सुटला की उष्माघात आणि सांधे, दोन्ही दारात उभे. सुटलेला लॅब्राडोर बघितला की मी कुत्र्याला नाही, खायला घालणाऱ्याला दटावते.

डॉबरमनच्या हृदयाची तपासणी दरवर्षी करा, त्या जातीत हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा आजार बराच दिसतो. आणि जात कुठलीही असो, पावसाळ्यात गोचीड. रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या फटीत, पट्ट्याखाली हात घालून बघा. गोचीडतापाने चांगला चाललेला कुत्रा चार दिवसांत आडवा होतो. साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस चुकवू नका.

हरमलकिनारा

डॉक्टर, काका, चोर्लाघाट, मनापासून आभार. काका, मोरीची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती इतके दिवस या बदलीच्या विरोधात होती, काल काही बोलली नाही, फक्त टीनाचं पुढे काय झालं ते विचार म्हणाली.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एकाच कुत्र्याला बॉम्ब आणि अमली पदार्थ दोन्ही शिकवता येत नाहीत का, म्हणजे छोट्या राज्यात सोय होईल? आणि कुत्रा निवडायची वेळ आलीच, समोर एकाच जातीची चार असली, तर मी नेमकं काय बघू?

केरीचं_कुळागर

आधी चोर्लाघाटला. बाबा, मुधोळ मी विसरलो नव्हतो, मला त्याच्याबद्दल बोलायला धीर हवा होता, कारण देशी म्हणून उगाच स्तुती करणं हाही त्याच्यावर अन्यायच. तो डोळ्याने शिकार करणारा. माळावर ससा हलला की बाण सुटावा तसा सुटतो, मागून हाक मारून उपयोग नाही. रियाने दाखवून दिलं की निवडून, धीराने शिकवला तर तो मागही उत्तम काढतो, आणि मला त्याचा फार आनंद झाला. पण या कुत्र्याला दरडावून चालत नाही, आवाज चढवलास की तो दिवसभर मिटून जातो. मोकळी सीमा, ऊन, लांबचा पल्ला, तिथे तो द्यावा. ढोल-ताशांच्या गर्दीत, अनोळखी हजार हातांत, निदान अजून दोन-चार पिढ्या कामासाठी निवडून पैदास होईपर्यंत मी त्याला नेणार नाही. तेवढा वेळ आपण लॅब्राडोरलाही दिलाच ना? फार जास्त दिला.

आता तुझे प्रश्न.

बॉम्ब आणि अमली पदार्थ एकाच कुत्र्याला शिकवू नयेत. नाकाला ते जमेल. पण तो बसला की तू काय करणार? बॅग उघडणार की शंभर माणसं मागे हटवून बॉम्बनाशक पथकाला बोलावणार? इशारा एकच आणि अर्थ दोन, यात जीव जाईल. छोटं राज्य असलं तरी दोन कुत्रे ठेवावेत.

वास वेगळा काढण्याची काळजी करू नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभा राहा, सुकी मासळी, चोरीस सॉसेज, मोगरीची फुलं, पिकलेला फणस, आपल्याला सगळ्याचा मिळून एक बाजार लागतो. कुत्र्याला त्यातला प्रत्येक जिन्नस वेगळा लागतो. मासळीच्या पोटात पुडी दडवणाऱ्याला वाटतं आपण हुशार. कुत्र्याला मासळीही कळते आणि पुडीही.

निवडताना रंग, कान, छाती बघू नकोस. मी चार गोष्टी केल्या असत्या. चेंडू दाखवून उंच गवतात फेक आणि घड्याळ लाव. चेंडू सापडतो का हे महत्त्वाचं नाही, किती वेळ शोधत राहतो ते बघ. टीना नऊ महिन्यांची असताना मी चेंडू फेकल्यासारखं केलं आणि खिशात ठेवला. ती आठ मिनिटं शोधत होती, मधेच माझ्याकडे बघून परत गवतात जायची. तिथेच मी तिला माझी मानली. दुसरं, पत्र्याचा डबा मागे आपट. दचकला तरी चालेल, दचकून परत डबा हुंगायला आला पाहिजे. तिसरं, गुळगुळीत फरशीवर, लोखंडी जिन्यावर, अंधाऱ्या खोलीत चालव. विमानतळाची फरशी आणि रेल्वेचे पूल तुझ्या वाट्याला आहेत, तिथे पाय आखडणारा कुत्रा कितीही देखणा असला तरी नको. चौथं, त्याच्याशेजारी काही न करता अर्धा तास बस. तो तुझ्याकडे येतो का, टेकतो का, की तू तिथे नाहीसच? ज्याला माणसाचं काही पडलेलं नाही तो इशारा कोणाला देणार?

एका जातीच्या चार पिल्लांत इतका फरक दिसेल की जातीचा वाद तू विसरशील. मेरठला आमच्या तुकडीत एक लॅब्राडोर होता, रक्त उत्तम, आईबाप दोघंही कामाचे. त्याला पाण्याच्या डबक्याखेरीज जगात काही आवडत नव्हतं. तो पुढे गेलाच नाही. त्याच्याच आईची दुसरी पिल्लं चांगली निघाली.

शिक्षण सहा ते नऊ महिन्यांचं, कामावर अवलंबून. तू आणि कुत्रा बरोबर शिकायचं. बऱ्याच राज्यांचे पोलीस ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात जातात. तिथे पहिले काही आठवडे फक्त खायला घाल, घासून पूस, फिरव, विष्ठा साफ कर. कंटाळू नकोस. विष्ठा बघूनच मला टीनाचा आजार दोनदा आधी कळला. तू सुट्टीवर गेलास की तो खाणार नाही, आणि तुला बढती मिळून बदली झाली की तो दुसऱ्याच्या हाती जाईल. ब्रूनो असाच गेला. माझी मुदत संपली, त्याची नोकरी बाकी होती. नव्या मुलाला मी सगळं लिहून दिलं, कुठल्या शब्दाला कसा वागतो, कुठला कान खाजवलेला आवडतो. निघताना त्याच्यासमोर गेलो नाही, गेलो असतो तर नव्या मुलाचं काम अवघड झालं असतं.

आईला सांग, टीना म्हातारपण बघून गेली. मागचे पाय शेवटी उचलत नव्हते, तरी सकाळी पट्ट्याचा आवाज आला की बसल्या जागी कान उभे करायची.

रविवारी मोकळा असशील तर केरीला ये. शेजाऱ्याकडे दीड वर्षाची लॅब्राडोर मादी आहे, कामाची नाही, घरचीच, पण शोधायचं वेड आहे. धरणाच्या खाली गवत भरपूर. घड्याळ लावून बघू. ऊन चढायच्या आत, सहा वाजता. डॉक्टरांनी लिहिलंय ते ध्यानात ठेव.

पर्वरी_तिसरा_मजला

पिल्लाचं रद्द केलं. बायकोला तुमचा मजकूर दाखवला, तिने डोक्याला हात लावला. मुलांना कुत्रा हवाच आहे, रविवारी मीही त्यांना घेऊन आलो तर चालेल का?

केरीचं_कुळागर

या की. मुलांना पायात बूट घालून आणा, गवतात गोचीड आहे.

हरमलकिनारा

सहाला पोचतो काका. टेनिसचे दोन चेंडू घेतलेत.

केरीचं_कुळागर

टेनिसचे नको रे. त्याच्यावरची लोकर मातीने भरते आणि दात झिजवते. कठीण रबराचा आण, आणि तोंडात पुरा जाणार नाही एवढा मोठा बघून घे.